मला ऐकू न येणारा माझा आवाज

लाकूड कातायच्या लेथमधून एका वेळी चार-पाच आवाज येत असतात. त्यांतला मला हवा असतो तो एकच. फिरत्या लाकडाला गोल पटाशीची धार लागली की सर्रर्र असा जो आवाज निघतो, तो. ओल्या आंब्याचा हा आवाज मऊ असतो, वाळलेल्या बाभळीचा कडक. धार बोथट होऊ लागली की आधी आवाज बदलतो, हाताला नंतर कळतं. लाकडात आत कुठे चीर असेल तर प्रत्येक फेऱ्याला बारीकसं 'टक्' वाजत राहतं. ते ऐकू आलं की मशीन तत्काळ बंद करायचं असतं, कारण मिनिटाला हजार फेरे घेणारा तुकडा फुटला तर त्याची फोड थेट तोंडाकडे येते. लेथवरचा माणूस डोळ्यांइतकंच कानांनी काम करतो.

बाकीचे आवाज नकोसे. मोटरची घरघर, पट्ट्याची फडफड, बेअरिंगची खरखर, आणि या सगळ्यांच्या वर, कानाच्या टोकाशी लागणारी एक बारीक शिट्टी. मला सांगायचंय ते मुख्यतः या शिट्टीबद्दल.

आधी थोडी माझी माहिती. वय बावन्न. पुण्यात एका जुन्या चार मजली सोसायटीत तळमजल्यावर राहतो. घरामागे पत्र्याची एक शेड आहे, त्यात लेथ. नोकरीवरून आल्यावर संध्याकाळी तास-दीड तास आणि रविवारी सकाळी मी तिथे भोवरे, लाटणी, वाडगे असलं काहीबाही करतो. विकत नाही. ओळखीच्यांना देतो, ते 'वा' म्हणतात आणि बहुतेक माळ्यावर टाकतात. हे मुद्दाम सांगतोय, कारण माझ्या आवाजाचं पोटाशी काही नातं नाही. तो निव्वळ हौसेचा आवाज आहे. एखाद्या पिठाच्या गिरणीवाल्याला जो बचाव करता येतो, तो मला उपलब्ध नाही.

मराठीत या बाबतीत एक मजा आहे. माणसाचा कंठ, वस्तूचा ध्वनी आणि नकोसा गोंगाट, तिन्हींना आपण 'आवाज' म्हणतो. "लताचा आवाज" म्हणतो आणि "ए, आवाज करू नको" असंही म्हणतो. पण नकोशा आवाजांची खास नावं बघा: किरकिर, कुरकुर, कटकट, भुणभुण. ही नावं आवाजाचीही आहेत आणि तक्रारीचीही. दार कुरकुरतं आणि सासूही कुरकुरते. रातकिडा किरकिर करतो आणि आजारी पोरही. म्हणजे आवाज करणाऱ्याला आणि आवाजाबद्दल बोलणाऱ्याला भाषेने एकाच पिंजऱ्यात घातलंय. तक्रार करणारा माणूस हाच एक नकोसा आवाज होऊन बसतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माझ्या लेथला आधी साधी सिंगल फेजची मोटर होती. घरच्या विजेची लाट सेकंदाला ५० वेळा हेलकावते, पण मोटरला मिळणारा जोर त्याच्या दुपटीने, म्हणजे १०० वेळा, कमी-जास्त होतो. हा धक्का इतका बारीक असतो की डोळ्यांना दिसत नाही, पण मोटर ज्यावर बसवलीय ते लोखंडी स्टँड, त्याखालची फरशी, फरशीला चिकटलेली भिंत हे सगळं त्याच्या तालावर थरथरतं. ही ती घरघर. ती हवेतून कमी आणि भिंतीतून जास्त जाते. शेजारच्या काकू म्हणायच्या, "तुमचं मशीन सुरू झालं की आमच्या फडताळातले पेले बोलायला लागतात." त्या हसत म्हणायच्या. पण पुण्यात हसून सांगितलेली तक्रार ही तक्रारच असते.

स्टँडखाली रबराचे पॅड घातले, काही प्रमाणात फरक पडला. मग मोटरच बदलली. थ्री फेजची मोटर घेतली आणि ती घरच्या विजेवर चालावी म्हणून मध्ये एक इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह बसवला. कारखान्यांत हा सर्रास असतो, हल्ली काही लिफ्टमध्ये आणि नव्या एसीतही याच जातीचं काहीतरी असतं. थ्री फेज मोटरचा जोर एकसारखा असतो, ती धडधडत नाही. शिवाय ड्राइव्हची चकती फिरवली की वेग हवा तसा कमी-जास्त. घरघर गेली. पेले गप्प झाले.

आणि शिट्टी आली.

हा ड्राइव्ह काय करतो, तर घरच्या विजेचं आधी डीसी करतो आणि मग ती वीज अतिशय झपाट्याने चालू-बंद, चालू-बंद करत मोटरला पाजतो. त्या तुकड्यांची लांबी कमी-जास्त करून मोटरला वाटावं की आपल्याला गुळगुळीत लाट मिळतेय. पण मोटरच्या आतल्या लोखंडी पत्र्यांना आणि तारांच्या गुंडाळ्यांना ती चालू-बंद जाणवते. त्या तितक्याच वेगाने थरथरतात आणि गातात. सेकंदाला ४००० वेळा चालू-बंद, म्हणजे ४ किलोहर्ट्झ, असेल तर कानाला ती सरळ शिट्टी ऐकू येते. लेथ जोरात चालू असताना ती लाकडाच्या आवाजात बुडून जाते, पण पॉलिश करताना वेग कमी केला की एकटीच वर येते.

यावरचा उपाय ड्राइव्हच्या माहितीपुस्तिकेतच दिलेला असतो. चालू-बंद करण्याचा वेग वाढवा. माझ्या ड्राइव्हला तो १६ किलोहर्ट्झपर्यंत नेता येतो. मी तो १२ वर नेला. शिट्टी बंद. पत्र्याच्या शेडमध्ये आता फक्त पट्ट्याची फडफड आणि पटाशी. पुस्तिकेत लिहिलं होतं ते केलं आणि ते झालं.

काही दिवसांनी वरच्या मजल्यावरची मुलगी खाली आली. नववीत आहे. त्यांची गॅलरी माझ्या शेडच्या बरोबर वर, आणि संध्याकाळी ती तिथेच अभ्यासाला बसते. म्हणाली, "काका, ती शिट्टी जरा कमी होईल का? आधी एवढी नव्हती."

तिच्या आईचं म्हणणं वेगळं होतं. आई म्हणाली, "कसली शिट्टी? मीही तिथेच कपडे वाळत घालते, मला काही ऐकू येत नाही. अभ्यास नकोय, दुसरं काय."

यात कोणी खोटं बोलत नव्हतं. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो असं शाळेच्या पुस्तकात असतं, पण ती तरुण कानाची गोष्ट आहे. वय वाढतं तसा हा पट्टा वरून झिजत जातो. सगळ्यांत आधी सगळ्यांत उंच स्वर जातात, आणि ते गेलेले कळतही नाहीत, कारण रोजच्या बोलण्याला ते लागत नाहीत. मोटर अजूनही गातच होती. फक्त ती आता अशा पट्टीत गात होती जिथे मी नव्हतो, तिची आईही नव्हती, आणि ती मुलगी होती.

मी तिला म्हटलं, तू गॅलरीत उभी राहा, मी मशीन चालू-बंद करतो, तुला शिट्टी ऐकू आली की हात वर कर. पट्टा काढून ठेवला, म्हणजे फक्त मोटर फिरेल आणि दुसरा सुगावा लागणार नाही. मी खाली शेडच्या आत, तिला मी दिसत नाही. तिची आई अंगणात उभी राहून हात बघणार. दहा वेळा केलं. कधी दोनदा लागोपाठ चालू, कधी बराच वेळ बंद. दहाच्या दहा वेळा बरोबर. आई दहाव्या वेळेनंतर काहीच बोलली नाही. मुलगीही बोलली नाही, पण तिच्या तोंडावर जे होतं ते मला विसरता येत नाही. शिट्टी बंद होणार यापेक्षा मोठं काहीतरी तिला मिळालं होतं.

मिरांडा फ्रिकर नावाच्या ब्रिटिश तत्त्वज्ञ आहेत. त्यांनी २००७ साली एक पुस्तक लिहून एका विशिष्ट अन्यायाला नाव दिलं: माणूस कोण आहे हे पाहून त्याच्या साक्षीची किंमत कमी करणं. बाई म्हणून, काळा म्हणून, पोर म्हणून. त्यात त्या माणसाचं काही लुटलेलं नसतं. त्याला फक्त 'जाणणारा' या पदावरून खाली उतरवलेलं असतं. नववीतली मुलगी अभ्यासाच्या वेळी "आवाज येतोय" म्हणाली तर घरात तिच्या शब्दाला किती वजन असतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. तिने शिट्टीबद्दल सांगितलं आणि ऐकणाऱ्याने त्याची किरकिर करून टाकली. आणि गंमत अशी, की या प्रश्नात पुरावा नेमका तिच्याच कानात होता. घरातली जी माणसं जास्त विश्वासार्ह मानली जातात, ती इथे ठार बहिरी होती.

हा फरक कोणी हत्यार म्हणूनही वापरलाय. २००५ साली वेल्समधल्या मर्थर टिडफिलच्या हॉवर्ड स्टेपलटन यांनी 'मॉस्किटो' नावाचा एक खोका बाजारात आणला. दुकानाबाहेर टोळक्याने उभ्या राहणाऱ्या पोरांना हाकलण्यासाठी. त्यातून साधारण १७.४ किलोहर्ट्झचा टोचरा स्वर निघतो. पोरांना तो सहन होत नाही, मोठी गिऱ्हाइकं निवांत खरेदी करतात. पोरांनी काय केलं, तर त्याच स्वराची रिंगटोन बनवली आणि वर्गात वापरली. फोन वाजला तरी शिक्षकांना पत्ता नाही. मला ही पोरं फार आवडतात. २०१० मध्ये काउन्सिल ऑफ युरोपच्या संसदीय सभेने असल्या यंत्रांवर बंदी घालावी अशी शिफारस केली. आता, माझी मोटर आणि हा खोका यांत हेतूचा फरक आहे, आणि तो लहान नाही. पण गॅलरीत बसलेल्या कानाला हेतू ऐकू येत नाही. त्याला फक्त शिट्टी येते.

एका मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, तिला हेडफोन घेऊन दे ना एक चांगला. विषय संपला.

हा सल्ला वाटतो तितका उथळ नाही. त्याच्यामागे एक मोठा युक्तिवाद उभा आहे. १८७९ साली लंडनमध्ये एक खटला गाजला, स्टर्जेस विरुद्ध ब्रिजमन. ब्रिजमन हा मिठाईवाला. विसाहून अधिक वर्षं तो आपल्या मागच्या स्वयंपाकघरात खलबत्ते चालवत होता. डॉक्टर स्टर्जेस यांनी आपल्या बागेच्या टोकाला, बरोबर त्या स्वयंपाकघराला लागून, तपासणीची खोली बांधली. मग त्यांना रुग्णाच्या छातीला नळी लावली की खलबत्ता ऐकू येऊ लागला. कोर्टाने डॉक्टरच्या बाजूने निकाल दिला. १९६० साली रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने हा खटला पुन्हा उघडला आणि विचारलं, की इथे कोण कोणाला त्रास देतंय? मिठाईवाला डॉक्टरला, हे तर झालंच. पण खलबत्ता बंद केला की डॉक्टर मिठाईवाल्याला त्रास देतो. त्रास दोन्ही बाजूंनी असतो. दोघांनी बसून सौदा करावा, ज्याला कमी खर्चात वाट काढता येईल त्याने काढावी. कोसना पुढे १९९१ साली नोबेल मिळालं.

माझ्या मुलीशी, म्हणजे वरच्या मुलीशी, माझा सौदा झालाही. तिने परीक्षेपर्यंत संध्याकाळचा लेथ बंद ठेवायच्या बदल्यात काहीच मागितलं नाही, पण उलट बाजूने मागितलं: "रविवारी चालू ठेवा, पण मला एक भोवरा द्या." शिसमाचा दिला, आर मारून. कोस खूश झाले असते.

तरी मला कोसचं म्हणणं इथे अपुरं वाटतं. सौदा करायला दोघांना एकच वस्तू दिसावी लागते. डॉक्टर आणि मिठाईवाला, दोघांनाही खलबत्ता ऐकू येत होता. माझ्या बाबतीत सौद्याची वस्तूच मला ऐकू येत नव्हती. ती मुलगी खाली आली नसती, किंवा आईने दटावल्यावर गप्प बसली असती, तर सौद्याची वेळच आली नसती. आणि 'हेडफोन लाव' या सल्ल्यात न बोललेली एक गोष्ट आहे: माझी हौस मी सोडायची नाही, तिने कान सोडायचे. हौस माझी आणि खर्च तिचा. मित्र म्हणाला तेवढ्या सहजतेने मला ते म्हणता येत नाही.

कायद्याचं म्हणाल तर मी सुरक्षित आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा. तिच्या गॅलरीतून मोबाइलवरच्या ॲपने मोजलं. रस्त्यावरून रिक्षा गेली तेव्हाच काय तो काटा हलला. माझ्या मोटरने हललाच नाही. डेसिबलमध्ये फक्त किती ते कळतं, कसं ते कळत नाही. पाऊसही तितकाच मोजला जातो आणि शिट्टीही. शिवाय हे मोजमाप सरासरी माणसाच्या कानाप्रमाणे तोलून घेतात. १०० हर्ट्झच्या घरघरीतून तर १९ डेसिबल वजाच होतात, कारण कान तिथे मंद असतो. तसं तोलणं गैर नाही, काहीतरी माप हवंच. पण 'नियमात बसतं' आणि 'त्रास नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. (आणि हो, "गणपतीत डीजे चालतो तेव्हा कुठे असता?" हे तिसरं वाक्य आहे, त्याचा दोन्हींशी संबंध नाही.)

कांटला या विषयात फार पूर्वीच राग येऊन गेलाय. १७९० च्या आपल्या ग्रंथात तो संगीतावर चक्क असभ्यपणाचा आरोप करतो. चित्र नको असेल तर मान वळवता येते, संगीत मात्र शेजाऱ्यावर लादलं जातं. खिशातून अत्तर लावलेला रुमाल काढणाऱ्यासारखं, भोवतीच्या सगळ्यांना वास घ्यावाच लागतो. कांटने शेजाऱ्याच्या कोंबड्यामुळे घर बदललं होतं आणि तुरुंगातले कैदी मोठ्याने प्रार्थना गातात म्हणून शहराच्या प्रमुखाला पत्र लिहिलं होतं. म्हणजे तो अनुभवातून बोलत होता. पण त्याच्या रुमालाच्या उदाहरणात एक गोष्ट गृहीत आहे. रुमाल काढणाऱ्याला स्वतःलाही तो वास येतो. त्याला तो आवडतो, एवढंच. माझ्याकडचा रुमाल असा होता की सगळ्यात आधी माझंच नाक त्यातून वगळलेलं होतं.

इथे मला माझं मत सापडलं. माझ्या मशीनमधून दोन प्रकारचे आवाज निघू शकत असतील, एक मला ऐकू येणारा आणि एक फक्त दुसऱ्यांना ऐकू येणारा, तर मी पहिला निवडावा. आवाज मुळात कमी करता आला तर उत्तमच. पण तो फक्त माझ्या कानापलीकडे ढकलला जात असेल, तर ती शांतता नव्हे. ती बदली आहे. त्रास माझ्या टेबलावरून उचलून कोणाच्या तरी टेबलावर ठेवला, आणि तो कोणाचा हे मला कळू नये अशीही सोय झाली.

यावर एक आक्षेप मी स्वतःच घेतो. मला ऐकू येणारा आवाज निवडण्यात तिचा काय फायदा? समजा तिला १६ किलोहर्ट्झवर कमी त्रास होत असेल आणि मी मात्र नीतीच्या नावाखाली ४ वर येऊन बसलो, तर तो माझ्या मनाच्या समाधानासाठी तिला दिलेला त्रास झाला. उपवास मी करायचा आणि भूक तिला लागायची. म्हणून तिलाच विचारलं. एकेक आकडा लावत गेलो. ४ वर दोघांनाही शिट्टी. ८ वर मला पुसट, तिला स्पष्ट. १२ वर मला शून्य. १६ वर ती म्हणाली, "आहे, पण कमी आहे." तो आकडा कायम ठेवता येत नाही, कारण तितक्या वेगाने चालू-बंद करताना ड्राइव्ह तापतो, आणि दुसरीही एक भानगड आहे, ती पुढे सांगतो. शेवटी ड्राइव्हच्या यादीत एक वेगळी सोय सापडली: चालू-बंदचा वेग एका आकड्यावर न ठेवता थोडा इकडे-तिकडे भटकता ठेवायचा. त्याने शिट्टी फुटून तिची फुरफुर होते, लांबून ऐकलेल्या रॉकेलच्या स्टोव्हसारखी. ही फुरफुर ४ किलोहर्ट्झच्या आसपास आहे. मला ती नीट ऐकू येते, आणि आवडत नाही. तिला विचारलं तर म्हणाली, "ही चालेल. ती आधीची कोणीतरी सारखं बोलवतंय असं वाटायचं."

तिने उलटं सांगितलं असतं तर मी उलटं केलं असतं. पण माझं मत तरीही तेच राहिलं असतं, कारण सगळ्यांना विचारता येत नाही. त्याच इमारतीत एक सहा महिन्यांचं बाळ आहे. कुत्र्याला साधारण ४५ किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, आणि शेडच्या पायरीवर एक कुत्रं झोपतं. यांच्या वतीने साक्ष द्यायला कोणीच खाली येणार नाही. जो आवाज मलाही ऐकू येतो त्याच्यावर निदान एक पहारेकरी कायमचा बसलेला असतो. तो वाढला, बिघडला, रात्री उशिरापर्यंत चालला, तर पहिला वैतागणारा मी असेन.

जुने कातारी लोक बिनआवाजाचं काम करत, असं लेथवाल्या मंडळींत कोणी ना कोणी हळहळतंच. सावंतवाडीची लाखकामाची खेळणी, चितार आळीतली दुकानं, हे आपल्याकडचं या कलेचं माहेर. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवायची, घर्षणाने ती वितळते आणि रंग लाकडात बसतो. आपल्या देशात ठिकठिकाणी जुना लेथ दोरीवर चाले. एक जण दोरी पुढे-मागे ओढायचा, दुसरा कातायचा. लाकूड उलटं फिरताना पटाशी उचलायची, सुलटं फिरताना टेकवायची. शिट्टी नाही, घरघर नाही. खरंय. पण दोरीच्या टोकाला कोण होतं? दिवसभर हात ओढणारं कोणीतरी, बहुतेकदा घरातलंच एखादं पोर किंवा बाई. ती शांतता त्यांच्या खांद्यातून येत होती, आणि कातणाऱ्याला त्यांचे खांदे दुखलेले ऐकू येत नसत. त्यामुळे त्या हळहळीत मला सामील होता येत नाही.

आता ती दुसरी भानगड. ड्राइव्ह इतक्या झपाट्याने वीज तोडतो की त्यातून कानाच्या कितीतरी पलीकडचे, रेडिओच्या पट्ट्यातले स्पंदही निघतात. ते मोटरच्या वायरीतून हवेत पसरतात आणि प्लगमधून उलटे घराच्या वायरिंगमध्ये शिरतात. चालू-बंदचा वेग वाढवला की हे वाढतं. हा आवाज कोणत्याच कानाला ऐकू येत नाही, ना माझ्या, ना मुलीच्या, ना कुत्र्याच्या. तो ऐकू येतो फक्त मीडियम वेव्हच्या रेडिओला. आणि अख्ख्या इमारतीत मीडियम वेव्ह ऐकणारा माणूस एकच आहे: तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा, सकाळच्या प्रादेशिक बातम्यांसाठी.

आजोबांचा रेडिओ माझा ड्राइव्ह येण्याच्या किती तरी आधीपासून खरखरतोय. त्यांनी तो दोनदा दुरुस्तीला नेला. मग त्यांनी ठरवून टाकलं की रेडिओ म्हातारा झाला, आणि आपले कानही. "दोघंही आता एका वयाचे," असं म्हणाले. यात मला जे खुपलं ते असं, की मुलीला निदान माहीत होतं की आवाज बाहेरून येतोय. आजोबांनी बाहेरचा दोष स्वतःच्या अंगावर घेतला होता. ते कोणाकडे तक्रार घेऊन आले नसते, कारण त्यांच्या लेखी तक्रार करण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

ड्राइव्हला मी फिल्टर लावला, मोटरची वायर जाळीच्या आवरणाची घेतली, अर्थिंग नीट करून घेतलं. मग एक जुना ट्रान्झिस्टर कानाशी धरून जिना चढलो. बायकोला खाली मशीन चालू-बंद करायला उभं केलं. मशीन चालू असो वा बंद, तिसऱ्या मजल्यावर फरक नाही. म्हणजे माझ्यापुरतं झालं. खरखर मात्र होतीच. ती चार्जरची, स्वस्तातल्या एलईडी दिव्यांची, वायफायच्या खोक्याच्या ॲडॅप्टरची. यातला प्रत्येक जण ड्राइव्हसारखाच वीज तोडत बसलेला आहे, आणि प्रत्येकाचा वाटा इतका लहान की कोणाच्या दारावर टकटक करावी हेच कळत नाही.

ट्रान्झिस्टर घेऊन आजोबांबरोबर पुन्हा एकदा जिना चढलो-उतरलो. सगळ्यांत जास्त खरखर दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या दिव्यापाशी. तो दिवा सोसायटीचा आहे, म्हणजे सगळ्यांचा. सेक्रेटरींना सांगितलं. ते म्हणाले, "पण उजेड नीट पडतो ना?" उजेड नीट पडतो. पुढच्या मीटिंगमध्ये विषय घेऊ म्हणालेत. तोवर आजोबा सकाळी बातम्यांच्या आधी अर्धा जिना उतरतात, दिवा बंद करतात, वर जाऊन बातम्या ऐकतात, आणि झाल्या की पुन्हा उतरून चालू करतात, कोणी अंधारात पडू नये म्हणून.